पोरीले काई येत नाई

आमच्याकडे मुलीच्या लग्नाची बैठक बसली, की मुलीकडच्या एका जाणत्या माणसाने हात जोडून एक बोलणं बोलायचं असतं. "पोरीले काई येत नाई जी. लाडात वाढली. चुकली-माकली तं सांभाळून घ्या, शिकवून घ्या." त्यावर मुलाकडच्या जाणत्याने म्हणायचं, "कायची काळजी करता भाऊ, आता ते आमची झाली. आमी शिकवून घेऊ." एवढं झालं की सगळे सैल होतात, चहा येतो आणि मग देण्याघेण्याचं सुरू होतं. ज्या मुलीला काही येत नाही असं सांगितलं जातं, ती तेव्हा आत सगळ्या पाहुण्यांचा स्वयंपाक उरकत असते. ते सगळ्यांना माहीत असतं. तरी बोलायचंच. स्वतःच्या तोंडाने आपल्या लेकीचे गुण सांगणं म्हणजे बाजारात बैलाचे दात दाखवण्यासारखं, असं आमच्या गावात मानतात.

हे बोलणं बोलावं तर माझ्या बाबांनीच. कोरपना तालुक्यातलं आमचं गाव लहानसं, कापूस पिकवणारं. पण आजूबाजूच्या गावांतूनही बाबांना बैठकीचं बोलावणं यायचं. एरवी बाबांचा आवाज वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जाणारा. बैठकीत मात्र तो असा काही मऊ व्हायचा की दाराआडच्या बाया डोळ्याला पदर लावायच्या. एकदा शेजारच्या मुलीबद्दल त्यांनी हेच सांगितलं. ती ट्रॅक्टर चालवायची, शिवणकाम करायची आणि वेळ पडली तर सख्ख्या भावाला बदडून काढायची. घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमी एवढं खोटं काऊन बोलता?"

"खोटं कुठी?" बाबा म्हणाले. "हे बोलणं आहे. खोटं येगळं, बोलणं येगळं."

मला तेव्हा ते फार गमतीचं वाटलं होतं.

बारावीनंतर मी चंद्रपूरला बी.एस्सी.ला गेले, वसतिगृहात राहिले. तिथे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पाहिली आणि माझं मन बसलं. काचेच्या ब्युरेटमधून एकेक थेंब सोडायचा, खालच्या चंबूतलं पाणी हलवत राहायचं, आणि ज्या थेंबाला लालसर जांभळा रंग निळा होतो तिथे थांबायचं. एक थेंब जास्त पडला की सगळं पहिल्यापासून. माझ्यासारख्या उतावळ्या, भांडखोर मुलीला तिथे एवढा धीर कुठून यायचा कोण जाणे. घरी भाकर हमखास करपवायची मी, पण तिथे थेंब चुकवत नसे.

दुसऱ्या वर्षी मी गावच्या तिन्ही विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून कॉलेजात नेलं. आमचा भाग चुनखडीचा, म्हणून तर आसपास सिमेंटचे कारखाने. एका विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळा, शिजत नाही; साबणाला फेस येत नाही. पाण्यात किती चुना आहे ते मी मोजलं. आई म्हणाली, पावसाळ्यात त्याच पाण्यात थोडीफार शिजते. मग पावसाळ्यातलं पाणी नेऊन पुन्हा मोजलं. सरांनी प्रॅक्टिकल संपल्यावर थांबायची परवानगी दिली होती, बाकी या कामाचे काही मार्क नव्हते. ती माझी हौस होती. तेवढ्या आनंदाने मी पुन्हा काही केलं असेल असं मला आठवत नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपत आली तेव्हा चंद्रपुरातल्या एका खासगी लॅबची जाहिरात निघाली. पाणी आणि माती तपासायची लॅब. सहायक पाहिजे, निकालाची वाट पाहणारेही चालतील, अर्जासोबत कव्हर लेटर जोडावे. हे लेटर म्हणजे काय, वर्गात कोणालाच नीट माहीत नव्हतं. मी माझ्या हिशेबाने लिहिलं. तोवर मी आयुष्यात अर्ज पुष्कळ लिहिले होते: शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, फी माफीचा, एसटीच्या पासचा. सगळ्यांचा सूर एकच. तोच धरला. 'मी खाली सही करणारी अर्जदार नम्र विनंती करते की, माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून वडील कोरडवाहू शेती करतात, तरी मला नोकरी देऊन उपकृत करावे.' सोबत उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला आणि सरपंचांचं पत्र. यातलं काही कोणी मागितलं नव्हतं. पण आमच्याकडे अर्ज जाडजूड असला की माणसाला धीर येतो.

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या मॅडमना मी ते दाखवलं. मॅडम तोंडाच्या फटकळ होत्या, पण वसतिगृहातल्या मुलींना नियमापेक्षा एक पुस्तक जास्त द्यायच्या. त्यांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"ही लॅब आहे की तहसील? त्यांना तुझी दया यायला पाहिजे, की तुझी गरज वाटायला पाहिजे?"

"दोनी झालं तं बरं," मी म्हणाले.

"दोन्ही होत नसते. ज्याची दया येते त्याला लोक चहा पाजतात, काम देत नाहीत."

दुसरं पत्र मी मोबाइलवर शोधून उतरवलं. 'मी मेहनती, प्रामाणिक, होतकरू व जिद्दी असून संस्थेच्या प्रगतीस हातभार लावीन.' मॅडमनी खालचं माझं नाव बोटाने झाकलं. "आता सांग, हे कोणाचं पत्र आहे? तुझं, की तुझ्या बाजूला बसणाऱ्या पोरीचं? नाव बदलून चालते ते पत्र तुझं नाही." मग म्हणाल्या, या लॅबचं काम काय, आणि तसलं तू कधी काही केलंस का? मी विहिरींचं सांगितलं. सांगता सांगता माझा आवाज एवढा वाढला की अभ्यास करणारी मुलं वळून पाहायला लागली. मॅडम ऐकत राहिल्या. "हेच लिही," त्या म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत विहीर येऊ दे. एका पानाच्या वर जाऊ नको. तुझ्या हातचं जे त्यांच्या कामी पडेल तेवढंच सांग. जे येत नाही ते येते म्हणू नको, आणि जे येते ते झाकू नको."

हे शेवटचं मला सगळ्यांत जड गेलं. 'मला येतं' असं लिहायला पेन पुढे सरकेना. मी लिहायची, 'मला थोडंफार येतं', नाहीतर 'सरांच्या आशीर्वादाने येतं'. मॅडम खोडायच्या. मी पुन्हा लिहायची. शेवटी कागद घेऊन मी गावी आले.

उन्हाळा होता. अंगणात कडुलिंबाखाली बाज टाकून मी लिहीत बसायची आणि बाबा बाजूला दोर वळत बसायचे. "काय लिहून राह्यली माय?" त्यांनी विचारलं.

"नोकरीसाठी पत्र. मले काय काय येते ते लिहून राह्यली."

"सोताबद्दल? सोताच?"

"मंग कोण लिहीन?"

बाबांचे हात थांबले. "हे बरं नाई दिसत. आमी जिते असता पोरीनं आपलं आपण कायले सांगाव? बोलणारे आमी कायले आहो?"

"तिकडे असंच असते बाबा, कॉलेजच्या मॅडमनं सांगतलं. ज्यानं त्यानं आपलं सांगाव लागते."

बाबा पुन्हा दोर वळायला लागले. पत्र झाल्यावर मात्र 'वाच' म्हणाले. मी वाचलं. 'आमच्या गावात तीन विहिरी आहेत आणि त्यांतल्या एकीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. ती का शिजत नाही हे मी मोजून पाहिलं आहे.' एवढं ऐकून बाबा म्हणाले, "गावची बदनामी काऊन करतं?" पुढचं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं, दुसऱ्याच्या घरातली भांडणं कानावर पडावीत तसं. काय कळलं, काय नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पंधरवड्याने मुलाखतीला बोलावणं आलं. बाबा सोबत येणार हे ठरलेलंच होतं. पोरीला एकटी कशी पाठवायची? सकाळी निघताना पाहिलं, तर पांढरं धोतर, पांढरा सदरा, कडक इस्त्रीची टोपी. बैठकीचे कपडे. पिशवीत झाडाचे आंबे. आंबे मी लॅबच्या बाहेर त्यांच्याच मांडीवर ठेवून आत गेले. कपड्यांचं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

लॅबचे मालक वयस्क होते, कमी बोलणारे; सगळे त्यांना सर म्हणायचे. बाजूच्या टेबलावर एक बाई नोंदी करत होत्या. सरांच्या समोर माझं पत्र होतं. त्यांनी विचारलं, बाटली कशी धुतलीस, शेवटचा थेंब कसा ओळखलास, दर वेळी मोजून वेगळा आकडा आला तर काय करशील. मी सांगत गेले. घाबरले नाही. सर एकदा हसलेसुद्धा. "सगळ्या पत्रांत सगळे होतकरू असतात," ते म्हणाले. "विहीर कोणाच्याच पत्रात नसते." मग म्हणाले, "एक अडचण आहे. नमुने आणायला पार जिवतीपर्यंत खेड्यापाड्यांत जावं लागतं. परतायला कधी अंधार पडतो. याआधीच्या मुलींना घरच्यांनीच काम सोडायला लावलं. वडील आलेत ना? त्यांच्याशी बोलून घेतो."

बाबा आत आले, खुर्चीच्या टोकावर बसले. सर म्हणाले, "काका, तुमची मुलगी आम्हाला पसंत आहे. तुमचं काय म्हणणं?"

आता हा प्रश्न शब्दाला शब्द बैठकीतला. बाबा उभे राहिले. त्यांनी हात जोडले. त्यांचा आवाज मऊ झाला.

"साहेब, पोरीले काई येत नाई जी. लाडात वाढली. चुकली-माकली तं सांभाळून घ्या, शिकवून घ्या."

एवढं बोलून ते थांबले. उत्तरासाठी थांबले. हात तसेच जोडलेले, चेहऱ्यावर बैठकीतलं ते हलकं हसू. ठरलेलं उत्तर सरांना माहीत असायचं काहीच कारण नव्हतं. सरांनी माझ्या पत्राकडे पाहिलं.

"काही येत नाही म्हणता? पत्रात तर हिने बरंच लिहिलंय."

"ते तिचं कायचं जी," बाबा म्हणाले. "कॉलेजच्या मॅडमची किरपा. त्याईनंच सारं सांगतलं. पोरीनं नुस्तं उतरवलं."

हेही आमच्याकडचंच. लेकीच्या हातचं वरण कोणी चांगलं म्हटलं, तर शेजारणीने मसाला दिला होता असं सांगायचं.

सर माझ्याकडे पाहत राहिले. मी तेव्हा बोलायला हवं होतं असं सांगणारे पुढे मला पुष्कळ भेटले. त्यांना काय जातं सांगायला. बाप हात जोडून उभा असताना मुलीने मध्येच 'मला येतं' म्हणणं हे मला सुचणंच शक्य नव्हतं, आणि सुचलं असतं तरी माझ्याने झालं नसतं. बैठकीत मुलगी मान खाली घालून बसते. मी मान खाली घातली. सरांना ती कबुली वाटली असणार.

"बरं. कळवतो," सर म्हणाले.

बसस्टँडवर बाबांनी चहा सांगितला. ते खुशीत होते. "चांगलं झालं बोलणं," ते म्हणाले. "साहेब जरा नवखे वाटले, त्याईले उत्तर देता नाई आलं. पन माणूस देव आहे." मी चहाला हात लावला नाही. बाबांनी दोन्ही चहा पिऊन टाकले.

फोन आला नाही. पेरण्या सुरू झाल्या. एक दिवस वावरात सरकी लावता लावता बाबांनी विचारलं, "साहेबाचा काई निरोप नाई आला अजून?" आणि माझा तोल सुटला. "कसा येईन? तुमीच सांगतलं नं मले काई येत नाई. ते लोक बोलणं नाई समजत बाबा, ते खरं समजतात. माझं पत्रही माझं नाई म्हणून सांगून आले तुमी."

बाबा ओंजळीत सरकी घेऊन तसेच उभे राहिले. "त्याईनं खरंच समजलं?" ते एवढंच म्हणाले आणि पुढच्या ओळीला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बियाणं कमी पडतं म्हणून ते राजुऱ्याला गेले आणि भर पेरणीत त्या रात्री घरी आले नाहीत. आईने घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले ते रिकाम्या हाताने. 'बियाणं चांगलं नव्हतं' म्हणाले. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. तसली जागा पुन्हा निघाली नाही. मी तेच पत्र नागपूरपर्यंत आणखी काही ठिकाणी पाठवलं, पण ज्यांना पाण्याशीच काम नाही त्यांना माझ्या विहिरीचं काय? मग बी.एड. केलं, लग्न झालं, आणि आता गडचिरोलीकडच्या एका निवासी शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेत ब्युरेट नाही, फळ्यावर काढून दाखवते. मुलं गुणी आहेत. मी वाईट शिकवत नाही. पण माझं मन त्या चंबूपाशीच राहिलं, हे सरळ सांगून टाकते.

तेही पचलं असतं. मला आतून खात राहिली ती एक शंका. बैठकीतल्या मुलींना सगळं येतं हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणूनच तर ते बोलणं. पण बाबांनी माझी प्रयोगशाळा कधी पाहिली नव्हती. त्यांनी पाहिलेली मी म्हणजे भाकर करपवणारी, आईशी भांडणारी. पत्र ऐकूनही त्यांना ते मॅडमचंच वाटलं नसेल कशावरून? ते रीत पाळत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं, असं माझ्या मनाने घेतलं आणि मग ते निघेना. मी बाबांना माझं काही सांगायचं बंद केलं. फोनवर पाऊस, कापसाची पऱ्हाटी, तब्येत. फोन लवकर संपायचे.

माझ्या स्वतःच्या बैठकीत ते बोलणं काका बोलले. बाबा मागे भिंतीला टेकून बसले होते, घसा बसला म्हणाले. दुसऱ्यांच्या लेकींसाठी ज्यांनी गावोगाव हात जोडले, त्यांचा घसा नेमका माझ्या वेळी बसावा, याचं मला फार लागलं. नंतर आई सांगायची की ते आता कोणाच्याच बैठकीत बोलत नाहीत. वय झालं, म्हणायची.

यंदा शाळेच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. मुख्याध्यापक म्हणाले, चंद्रपूरला तपासायला टाका. मी तशीही गावी निघाले होते, मूल गावावरून गेलं की चंद्रपूर वाटेवरच. बाटली घेऊन निघाले. पाण्याच्या लॅब आता चंद्रपुरात आणखी असतील, पण माझे पाय तिकडेच वळले. तेव्हा नोंदी करणाऱ्या बाई आता सगळी लॅब पाहत होत्या. केस पिकले होते. मी भरलेल्या कागदावर शाळेचा पत्ता होता. बोलता बोलता मी गावाचं नाव घेतलं, तशा त्यांनी मान वर केली.

"म्हणजे ती विहिरीवाली मुलगी तूच का?"

मी हो म्हणाले. त्यांनी मला खुर्ची दिली.

"तुझे वडील बरे आहेत ना? मला अजून आठवतात. परत आले होते तेव्हा फार वाईट वाटलं आम्हाला."

"परत म्हणजे?"

"तुला नाही माहीत?" बाई सांगायला लागल्या. "सरांच्या टेबलावर दोन पत्रं राहिली होती. एक तुझं आणि एक दुसऱ्या मुलीचं. सरांचं मन तुझ्या पत्रातून निघत नव्हतं. मला विचारायचे, हे तिचं स्वतःचं असेल का हो? मी काय सांगणार? एक दिवस दुपारी खिडकीतून पाहिलं, तर समोरच्या पानठेल्यापाशी तुझे वडील. पांढऱ्या टोपीवरून ओळखलं. रस्ता ओलांडायचे, दारापर्यंत यायचे, परत जायचे. मला वाटलं, कोणाची वाट पाहत असतील. आम्ही बंद करेपर्यंत तिथेच होते. त्याच संध्याकाळी सरांनी त्या दुसऱ्या मुलीला फोन करून टाकला. आणि सकाळी कुलूप काढायला आलो, तर तुझे वडील पायरीवर बसलेले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, साहेब, मी त्या दिवशी बोललो ते आमच्याकडची रीत आहे, ते खोडून टाका. माही पोरगी हुशार आहे. तिले पाणी तपासता येते. पत्र तिनंच लिवलं, माह्या समोर बसून लिवलं. असं पोरगं अख्ख्या तालुक्यात नाई. एवढं बोलले आणि घाम पुसत राहिले. कान लाल झाले होते. कोणाला शिवी दिल्यासारखे दिसत होते बिचारे. सर म्हणाले, काका, जागा भरली. केव्हा भरली ते सरांनी त्यांना सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं."

मी पाण्याची बाटली मांडीवर धरून बसून राहिले. माझ्या बापाने माझं तोंड भरून कौतुक केलं होतं, जन्मात एकदाच, आणि ते परक्या माणसाने ऐकलं. मी तेव्हा त्यांच्यावर फुगून सरकी लावत होते. एवढी वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी पावसाबद्दल बोलत राहिलो. मला रडू आवरलं नाही. बाईंनी पाणी दिलं.

गावी पोचले तेव्हा बाबा अंगणात बाजेवर बसले होते. आता त्यांचं वावरात जाणं कमी झालंय. आई चुलीपाशी होती. मी पिशवी ठेवली आणि त्यांच्या बाजूला बसले.

"बाबा, तुमी त्या लॅबमदी परत गेले होते?"

"तुले कोणं सांगतलं?" बाबा लगेच म्हणाले.

"तिथल्या बाईनं."

"पहिल्या दिवशी तोंडच नाई उघडलं माय," ते म्हणाले. "गाडीत सारं पाठ करून गेलो होतो. दारापावतो जायचो अन् वापस यायचो. आपल्याच पोरीचं आपण कसं सांगाव?" मग थांबून त्यांनी विचारलं, "त्याच दिवशी आत गेलो असतो तं?"

हा प्रश्न त्यांनी स्वतःला किती वेळा विचारला असेल ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. माझी जीभ तिखट आहे, खोटं तिच्यावर पटकन येत नाही. त्या दिवशी आलं.

"काई झालं नसतं. जागा त्याईची आधीच भरली होती. मुलाखत नावापुरती घेतली."

"कोणं सांगतलं?"

"त्याच बाईनं."

"म्हणजे माह्या बोलण्यानं नाई गेली?"

"नाई बाबा."

बाबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि ती पुन्हा घातली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज मोकळा झाला. लॅबमध्ये कशाला गेली होती, त्यांनी विचारलं. मी शाळेच्या बोअरचं सांगितलं. ते नवलाने माझ्याकडे पाहायला लागले.

"मंग तिथी कायले टाकलं? तुले तं येते नं तपासाले." आणि आईकडे वळून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिले येते पाणी तपासता."

लॅबमधून निघताना मी काचेपलीकडे ब्युरेट पाहिली होती. एक मुलगी थेंब सोडत होती. कोणतं द्रावण, किती घ्यायचं, कशात काय टाकायचं, मी उभी राहून आठवून पाहिलं होतं आणि मला काहीच आठवलं नव्हतं. बाबा माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"हाव बाबा," मी म्हणाले. "मले येते."